बहुतेक

वाल्पाराइसोच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
एक खिडकी नीट लागत नाही.
समुद्राचं धुकं तिथून आत येतं
आणि टंकलेखिकेशेजारी बसून राहतं.

मला तज्ज्ञ म्हणून बोलावलंय.
वय एकाहत्तर, पोटाचा सर्जन, निवृत्त.
हात अजून थरथरत नाहीत, हे मीच होऊन सांगितलं;
कुणी विचारलं नव्हतं.

फाईल पातळ आहे.
नोल्फा कार्कामो, एकोणचाळीस, जाळी विणायची.
रात्री सव्वाअकराला पोटात कळ.
डॉक्टर रुबिलार एकटे, बाकांवर त्रेचाळीस माणसं,
प्रयोगशाळेला कुलूप, किल्लीवाला रजेवर.
दोन गोळ्या दिल्या, घरी जा म्हणाले.
पहाटे पाचला पुन्हा आणली
तेव्हा पोट लाकडासारखं.
पुढचं वाचायची मला गरज नव्हती.
तरी वाचलं.

नवऱ्याचा वकील एकेक पायरी चढत विचारतो.
तपासायला घेतलं, म्हणजे जबाबदारी आली?
आली.
साधा, सरासरी, भानावर असलेला डॉक्टर
पोट दाबून हात सोडताना
रोग्याच्या चेहऱ्याकडे बघतो ना?
बघतो.
तशी नोंद आहे?
नाही.
आणि ही शेवटची ओळ,
'दुखल्यास लगेच परत यावे',
हिची शाई?
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
वेगळी आहे.

हॉस्पिटलचा वकील उठला. आवाज मऊ.
चूक सगळ्यांच्याच हातून होते, डॉक्टरसाहेब,
प्रत्येक चूक म्हणजे हलगर्जी नव्हे.
मी म्हटलं, खरं आहे.
पण ते कुलूप रुबिलारने लावलं नव्हतं.
ते तुमचं होतं.
यावर तो पाणी प्यायला.

मग म्हणाला:
साडेपाच तास आधी पोट उघडलं असतं
तर ती जगली असती?
'कदाचित' पुरत नाही इथे.

एका शब्दासाठी एवढी माणसं थांबलेली
मी ऑपरेशन टेबलाभोवतीही पाहिली नव्हती.

मला चिलोए बेटावरची ती रात्र आठवली.
मी एकतीसचा, चौतीस तास जागा,
आणि एक पोरगा पोटाशी गुडघे घेऊन.
मीही म्हणालो होतो, वात आहे, घरी न्या.
त्याची आई गेलीच नाही.
गारठ्यात दाराशी उभी राहिली,
दर तासाला दार वाजवत,
मी चिडेपर्यंत,
मी चिडून पुन्हा हात लावेपर्यंत.
पोरगा वाचला.
पुढे अकरा वर्षं मला बटाट्याचं पोतं येत राहिलं,
जांभळे, मातीसकट.
मी ते उकडून खाल्ले.

नुकसान नाही तर दावा नाही.
कायदा तसाच आहे, आणि तो बरोबरही असेल.
रुबिलार तिसऱ्या रांगेत
नखाने नख खरवडत होता.
आमच्या दोघांत फरक एवढाच
की माझ्या दाराशी आलेल्या बाईने
माझं ऐकलं नाही.

बहुतेक, मी म्हणालो.
मोठ्याने, न्यायाधीश म्हणाल्या.
बहुतेक जगली असती.
टंकलेखिकेने पाच अक्षरं उमटवली.

बाहेर जिन्यात तिचा नवरा उभा होता,
ओस्मान, टेकडीवरची लिफ्ट-गाडी चालवतो.
हातात औषधाची पट्टी,
दोन खळगे फुटलेले, बाकी आठ तशाच.
पैशांबद्दल काही बोलला नाही.
म्हणाला, ती तिथेच थांबू म्हणत होती, डॉक्टर.
मीच म्हटलं, एवढं शिकलेला माणूस सांगतोय,
चल घरी.
मग माझा किती हिस्सा?

हा प्रश्न आत कुणी विचारला नव्हता.
याला माझ्याकडे 'बहुतेक' नव्हतं, 'कदाचित'ही नाही.
काहीच नाही, म्हणालो. तुमचा काहीच नाही.

त्याने पट्टी खिशात ठेवली.
विश्वास बसल्यासारखा दिसला नाही.
त्याची पाळी तीनला सुरू होत होती.