बावीतली पळी

आमचं आडनाव कोयंडे,
पण पाठीमागे सगळे पळीचोर म्हणतात.

खारबंदरच्या पुळणीवर
भरतीच्या रेघेपासून बेचाळीस पावलांवर ही बाव.
मी मोजलीत, लहानपणी आणि परवा पुन्हा.
मधे एक माड पडला, समुद्र थोडा पुढे आला,
पावलं माझीही आखूड झाली असतील,
आकडा तोच.
आणि पाणी गोड. शहाळ्यासारखं नव्हे, जांभ्यासारखं,
किंचित लोखंडी, जिभेच्या कडेला.

मंगलोरहून येणारी गलबतं इथे पिंपं भरून घ्यायची.
तळाशी सात आसरा, त्या खाऱ्याला आत येऊ देत नाहीत.
लग्न ठरलं की आदल्या सांजेला
काठावर पानविडा ठेवून सांगायचं, पान किती उठणार.
पहाटे पायरीवर भांडी:
टोप, पराती, डाव, सगळं पितळेचं, ओलं.
कार्य झालं की घासून, मोजून परत.

माझ्या खापरपणज्याच्या लग्नात एक पळी कमी भरली.
त्या दिवसापासून बाव फक्त पाणी देते.
असंच म्हणतात गावात, फक्त पाणी.

तरी नवी होडी लोटण्याआधी
नाळेवर हिचंच पाणी शिंपडतात.
बाळंतीण बाराव्या दिवशी काठावर कुंकवाची बोटं ओढते.
मैमूनाबी सोलकर दर शुक्रवारी बाटली भरून नेते,
नातवाच्या खरजेवर.
डॉक्टरचं मलमही लावते, पण आधी हे.
चोरीचा आळ आला तर ओंजळभर पिऊन दाखवायचं,
खोट्याच्या घशाखाली उतरत नाही म्हणे.
माजी सरपंचांना त्या दिवशी नेमका उपास होता,
निर्जळी.

दक्षिणेची एक पायरी मात्र निराळीच झिजलीय.
बाकीच्या चढउताराने गुळगुळीत,
हिच्यात दोन खळगे, शेजारी शेजारी.
द्रौपदीची आजी तिथे घागर घेऊन उभी राहायची,
वरून कुणी ओतेपर्यंत.
तिची आईसुद्धा. तिच्या आईची आई.
आसरांच्या गोष्टीत ही पायरी येत नाही.
पावसात खळग्यांत पाणी साचतं
आणि चिमण्या पितात.

मी पंचायतीचा पाणीवाला.
शनिवारी टीसीएल पावडर टाकायची.
आधी नारळ फोडतो, माफी मागतो, मग टाकतो.
वैशाखात मोटर लावून उपसतो आणि कमरेला दोर बांधून उतरतो
गाळ काढायला.

गाळात बांगड्यांच्या काचा, बोळकी, तांब्याचे पैसे,
तीन गळ, ज्यांच्यासाठी टाकले ती भांडी नाहीत,
एक मोबाइल.
यंदा पश्चिमेच्या कपारीत हात घातला,
खांद्यापर्यंत,
आणि बोटांना दांडा लागला.

पितळेची.
मग तिच्याखाली आणखी एक, तांब्याची.
मग जर्मनची, वाकलेली.
मग स्टीलची, दांड्यावर कोरलेलं: ग. धा. कोयंडे.
माझे वडील.
आयुष्यभर म्हणायचे, असल्या गोष्टी खऱ्या नसतात, बाबू.

चारही धरून उभा राहिलो
घोटाभर गार पाण्यात.
वर आभाळाचं ताट, त्यात मोटरीच्या पोराचं डोकं.
काय गावला? त्याने विचारलं.
काय नाय, म्हटलं. दगड.

पहिली पळी यांतली कोणती, की कुठलीच नाही,
कोण कुणाचं देणं फेडत होता,
आणि एकमेकांना का सांगितलं नाही,
हे मी विचारलं असतं,
पण खाली आवाज फार घुमतो.

चारही होत्या तशा आत ठेवल्या.
पाचवी माझ्या पिशवीत होती,
मालवणच्या बाजारातली, किमतीच्या चिठ्ठीसकट.
चिठ्ठी नखाने काढली. गोंद राहिला.

संध्याकाळी झरे भरले, मोटर चालू केली,
वरच्या वाडीत पाणी चढलं.
द्रौपदीचा फोन:
नळाक आज गढूळ येता, धाकू.
दोन बालद्या जाऊ दे, म्हटलं.