नगण्य

गारगोटी आली की कंडक्टर गावाचं नाव ओरडतो
आणि मला दर खेपेला हसू येतं:
ज्या दगडाच्या मागे मी निघालेय
त्याच्याच नावाचं तिकीट फाडलंय त्याने.

चंदगडच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर
बेसाल्टचं पांघरूण विरलंय.
तिथे खालचा म्हातारा खडक दिसतो,
अभ्रकी, पानापानांचा, भिजून सुकलेल्या वहीसारखा,
आणि त्या पानांना तिरकी कापत गेलेली
एक पांढरी शिर.
रुंदी वीत आणि चार बोटं.
पुढे दोनच बोटं. मग पुन्हा वीत.
मग भरमू गावड्याच्या नाचणीखाली गडप.

पाणी होतं ते. उकळतं, खारट,
पोटात गार आणि गंधक विरघळवून
फटीफटीतून वर येणारं.
कुठेतरी दाब सुटला
आणि हातातलं सगळं त्याच्याकडून सांडलं.
बाकी काही नाही. एवढीच गोष्ट.
नंतर कोट्यवधी वर्षं कुणीच आलं नाही,
आणि आला तो लाव्हा,
थरावर थर, काळा, बेपर्वा.

सोनार कसाला लावतो तो दगड काळाच असतो.
मला वाटलं, आमचा अख्खा जिल्हा
एक पालथी घातलेली कसोटी आहे.

शिरेत चौकोनी भोकं होती, गंजाने माखलेली.
माक्षिकाचे खडे कधीच विरून गेलेले,
मागे नुसत्या खोल्या, भिंती तांबूस.
भिंग लावून मी एकेका खोलीत डोकावले.

"नती ईशान्येला, बासष्ट अंश," मी वहीत लिहिलं.
भरमू म्हणाला, "म्हंजे कुठं जातंय ते?"
"खाली."
"मग आमच्या काय कामाचं न्हाई."
त्याच्या पोरीने मात्र रात्री दोन गारगोट्या आणल्या,
कंदील विझवला, घासल्या,
आणि दगडाच्या आतून
फिकट उजेड हलला.
जळका वास आला. ती म्हणाली, "बघा."
हे मी अहवालात लिहिलं नाही.

अकरा पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या.
चार महिन्यांनी कागद आला:
टनामागे शून्य पूर्णांक चार ग्रॅम.
खाली माझ्याच अक्षरात शेवटचा शब्द, नगण्य.
साहेबांनी सही केली, चहा मागवला.

बारावी पिशवी टेबलाखाली राहिली होती.
ती कुटून मी गुजरीत नेली,
मैमुना झारेकरणीकडे.
तीस वर्षं ती पेढ्यांपुढची धूळ झाडते,
गटारातला गाळ पाटीत घेऊन
मनगटाच्या एका झोकात
जगाचं जड आणि हलकं वेगळं करते.
मी फी भरून पाच वर्षं जे शिकले
ते तिच्या मनगटात आधीपासून होतं.

पांढरी रेती वाहून गेली. काळी राहिली. तीही गेली.
पाटीच्या कडेला एक कण,
मोहरीच्या सालीएवढा.
तिने तो नखावर घेतला, उन्हात धरला,
बराच वेळ काही बोलली नाही.
"बाई, हे कोरं आहे," ती म्हणाली.
"माझ्याकडं येतं ते कुणाकुणाचं असतं.
तुटलेल्या साजाचं, मोडलेल्या ठुशीचं,
दवाखान्यासाठी विकलेल्या बिलवराचं.
ह्याच्या अंगाला अजून माणूस लागला नाही."

मी म्हटलं, ठेवा तुम्हीच.
"किंमत काय लावू?"
मी सांगितलं तिला तो शब्द. तिला तो कळला नाही,
किंवा कळून तिने सोडून दिला.
दिवसभराच्या गाळात तिने नख बुडवलं,
वर पाऱ्याचा थेंब टाकला, आणि कण दिसेनासा झाला.

परतताना बोटांच्या चिऱ्यांत
शिरेची पांढरी पूड होती.
साबणाने गेली नाही.
नाचणीखाली ती अजून उतरत असेल
बासष्ट अंशांनी,
कुणाला न विचारता.