चाळिसावी पायरी

वाल्परायसोच्या टेकडीवरची, रुळांवरून चढणारी जुनी लिफ्ट
बंद पडली, त्याच आठवड्यात
रेमिहियोला कळलं:
वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार.

"चालत जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
दुसरा रस्ताच कुठे होता?

पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर बसला
एका अनोळखी मांजराशेजारी,
मांडीवर पावाची पिशवी, कानात ठोके.
तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली
बसून.
वजनं उचलली ती लोखंडानं.

मग वहीत आकडे:
एकशे बासष्ट. एकशे पासष्ट.
एडेलमिराच्या वाढदिवशी एकशे सत्तर,
त्यापुढे तिच्या अक्षरात: मीठ!
एकशे अठ्ठेचाळीस.
गोळी रोज. पायऱ्या रोज.
आकडे उतरले ते ओहोटीसारखे,
मागे जाताजाता पुन्हा पायाशी येत.

नऊ वर्षं.
क्रेनवरचे दोघे सोबती गेले, एकाचं तोंड वाकडं झालं.
मांजरही गेलं. तिचं पिल्लू
त्याच पायरीवर म्हातारं होत आलंय.

काल लिफ्ट सुरू झाली. बँड, फुगे, भाषण.
रेमिहियोनं नाणं काढलं,
रांगेत उभाही राहिला थोडा वेळ.
मग पिशवी चाचपली:
पावाचा तुकडा
द्यायचा राहिला होता.