पाचशेचा घाणा

केमी नगरपालिकेच्या तळघरात
सकाळी नऊला अंधार असतो, दुपारी तीनला पुन्हा अंधार.
मधल्या वेळात मी फायली चढवते.

वेली म्हणतो, एका वेळी पाचशे, जास्त नको, सिस्टिम गुदमरते.
वेली औलूहून फोनवर बोलतो.
त्याने हे तळघर कधी पाहिलेलं नाही.
पाचशेचा एक घाणा सोडायचा,
वर येईपर्यंत कॉफी प्यायची,
लाल झालेल्या ओळी झाऱ्याने वेगळ्या काढायच्या.

जुन्या सर्व्हरवर फोल्डरांची नावं अशी:
नवीन. नवीन नवीन. शेवटचं.
शेवटचं खरं.
सिर्काचं, हात लावू नये.
सिर्का निवृत्त झाली, मग वारली,
आणि खरंच कुणी हात लावला नाही.

प्रत्येक कागदाला चार रकाने:
विषय, कोणाकडून, किती वर्षं जपायचा, तारीख.
तारीख नसेल तर दार उघडत नाही.
एक जानेवारी एकोणीसशे टाक, वेली म्हणतो,
सगळे तेच टाकतात.
मीही टाकली.
संध्याकाळपर्यंत त्या एका दिवसात
या गावात दोनशे बारा सौना बांधून झाले,
सहा गटारं तुंबली,
आणि एकाच कुंपणावरून दोन शेजारी
सतरा पत्रं भांडले.
तेव्हा गावात एवढी माणसंही नसतील.

माझे वडील, तौनो, नदीच्या मुखाशी ओंडके निवडायचे.
वरच्या रानांतून उन्हाळाभर लाकूड वाहत यायचं,
सगळ्या कंपन्यांचं एकत्र,
टोकावर हातोड्याने ठोकलेली ज्याची त्याची खूण.
फळीवर उभं राहून, आकडीच्या काठीने
हा डावीकडे, हा उजवीकडे, हा पलीकडच्या वाटेला.
घरी वर्तमानपत्र वाचताना त्यांचे ओठ हलायचे.
खुणा मात्र ते नजरेच्या कडेने वाचत.
काही ओंडके निवडायच्या आधीच बुडत.
तळाशी थंड गाळात ते कुजत नाहीत म्हणतात.
कायम, असा एक पर्याय
माझ्याही तिसऱ्या रकान्यात आहे.

लहानपणी मी विचारलं होतं,
बिनखुणेचा आला तर?
ते म्हणाले, फिरवायचा.
पाण्यातल्या पाण्यात, हळू.
पुष्कळदा दुसऱ्या टोकाला असते.

आज अडतिसाव्या घाण्यात एक लाल ओळ निघाली.
पत्र. किनाऱ्यावर जाळी ठेवायला खोपटं बांधू का,
एवढीच विचारणा, सही अर्धी, तारीख नाही.
बोट सवयीने एक-एक-एकोणीसशे टाइप करायला निघालं
आणि थांबलं.
मी वगळलेल्या पानांची यादी उघडली.
सिस्टिम कोरी पानं आपणच टाकून देते, विचारत नाही.
त्यात या पत्राची पाठ होती.
कोरी नव्हती. पेन्सिल फार फिकी होती, एवढंच:

बर्फ सुटला त्या दिवशी लिहिलं.

नदीचा बर्फ दर वर्षी सुटतो.
कधी मेच्या पहिल्या आठवड्यात, कधी उशिरा.
रात्री आधी आवाज येतो,
कपाटातली भांडी एकमेकांना लागावीत तसा,
आणि अख्खं गाव जागं होऊन काठावर जातं.
त्या गर्दीत हा माणूस घरी बसून
नगरपालिकेला पत्र लिहीत होता.
किंवा काठावरून परत येऊन. ओल्या बुटांनी.
कुठल्या सालचा बर्फ?
रकान्यात आठ अंक मावतात, त्याहून काही नाही.

चार वाजता वेलीचा फोन.
इर्या, घाणा चारशे नव्याण्णवचाच आलाय.
एक कुठे गेली?

समोर खिडकी नाही.
भिंतीवर ओल आहे, तिच्यापलीकडे शंभर पावलांवर नदी,
वरून गोठलेली.

आहे, मी म्हटलं.
फिरवतेय.