उजवीकडून डावीकडे

बावीस वर्षं रास अल खैमात पाट्या रंगवल्या.
शिंप्याच्या, न्हाव्याच्या, मासळी तळणाऱ्यांच्या,
एक उंटांच्या औषधांची.
बहुतेक पाट्यांवर पहिला शब्द तोच :
आधी मीम, मग हा, मग लाम.
बैलाला वाट पाठ असते तशी मला अक्षरं पाठ.
वाचायला कोण बसतं?

एके दिवशी जुळवून वाचलं आणि शिडीवरच हसलो.
महल!
दहा बाय बाराचा गाळा, आत एक मशीन,
मलबारचा एक शिंपी, मान टाकलेला पंखा,
आणि वर, माझ्याच हातचं, निळ्या ऑइलपेंटमध्ये : महल.
म्हटलं, आपल्याकडे पत्र्याच्या घराला 'वैभव' नाव देतात
तशातलाच हा प्रकार.

खरे वाडे होते, समुद्राच्या अंगाला.
त्यांना इथे कसर म्हणतात.
(आपल्या कसरीशी नातं नाही. विचारून घेतलं.
तसं भिंतीकडे बघूनही कळत होतं,
कशाचीच कसर नव्हती.)
एकदा फाटकावरचा आकडा रंगवायला बोलावलं.
अरबी सात. दोन रेघा, वरून उघड्या.
चार मिनिटांचं काम,
पाच तास उन्हात उभा,
आत कोण राहतं ते दिसलं नाही.

मुसब्बह म्हातारा. तारेचे सापळे विणायचा, मासळीचे.
दोरखंडाच्या दुकानाची पाटी सांगायला आला
तेव्हा विचारलं : बाबा,
तुमच्यात राजवाडा आणि दुकान एकच कसं?
त्याला प्रश्नच कळेना.
कळला तेव्हा त्याने हवेत एक गाठ धरली
आणि सोडली.
"उंट बसवला. दोर सोडला. ओझं उतरलं.
ती जागा, महल.
रात्रीपुरती.
कुणाच्या बापाची नाही."

म्हणजे पुढे कुणीतरी राजा
सकाळी ओझं बांधायचं विसरला असणार.
मग भिंत आली. मग कारंजं.
मग फाटकाशी पहारेकरी, ओझं घेऊन येणाऱ्याला
हटकायला.

आमच्या तालुक्याला आधी महाल म्हणत.
मंडणगड महाल. तिथे महालकरी बसे,
सारा मोजून घेई.
त्या महालात ओझं उतरत नसे,
चढत असे.
बाणकोटचा मोहल्ला त्याच दोरीचा पीळ,
आणि हलालसुद्धा, मुसब्बह म्हणाला :
जे बांधलेलं नाही ते.
मी चहा गाळत ऐकत होतो. पासपोर्ट
मालकाच्या कपाटात होता.

त्यानंतर हात थोडा बदलला.
मीम काढताना गाठ काढायचो,
हा म्हणजे बसलेल्या उंटाचं पोट,
लाम हा खुंटा, जरा उंचच.
गिऱ्हाइकांना फरक कळला नाही.
मलबारी म्हणाला, रंग जास्त लावलास.

मग फ्लेक्सचं मशीन आलं.
पोरं बटण दाबतात, महल छापून बाहेर पडतो,
दिवसाला चाळीस.

मी खोका बांधला. नायलॉनची दोरी,
उभे चार वेढे, आडवे सहा,
चारी बाजूंना नाव, ब्रशने,
रेवाळे, मुक्काम पोस्ट मंडणगड.
मुक्काम. हाही त्यांचाच शब्द,
इतकी वर्षं मी तो पत्रावर लिहीत होतो
जिथे मी नव्हतो.

पडवीत खोका ठेवला.
शेवंतीने गाठ दातांत धरली.
मी विळी आणली तर म्हणाली, कापू नका,
दोरी चांगली आहे, कपडे वाळत घालायला होईल.
मग अर्धा तास ती सोडवत बसली,
एकेक वेढा, उजवीकडून डावीकडे,
आणि मी भिंतीला टेकून
नुसता बघत राहिलो.