हातचा

लाकडी घर, एकावर एक तीन बिऱ्हाडं,
मागे तीन गॅलऱ्या, कपडे वाळवायच्या तीन दोऱ्या,
तळघरात विजेचे तीन मीटर
आणि बॉयलर एकच.
फॉल रिव्हरच्या उतारांवर अशी घरं रांगेने उभी,
एकमेकांच्या खांद्यावरून नदी बघत.

मी स्कूलबस चालवते.
दोन वर्षं रोज सात वाजून बारा मिनिटांनी
याच दारासमोर थांबत होते,
तिसऱ्या मजल्यावरच्या विचेतसाठी.
विक्रीची पाटी लागली त्या सकाळी
तो चढला, बसला, पट्टा लावला,
आणि मी दार मिटायचंच विसरले.

बहीण हिशेबाला पक्की.
मासळीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आली,
हात तीनदा धुतले, मग वही उघडली.
मधलं भाडं अधिक वरचं भाडं,
वजा हप्ता, वजा कर, वजा विमा,
वजा वर्षातला एक महिना, घर रिकामं धरून,
वजा थोडे, न दिसणाऱ्या गोष्टींचे.
न दिसणाऱ्या म्हणजे कुठल्या गं?
इदालिना म्हणाली, दिसल्या असत्या तर नावं लिहिली असती.

उरले महिन्याला एकशे चाळीस डॉलर.
आणि तळमजला आपल्याला. फुकट.
हा शब्द तिने
नव्या कवळीसारखा जपून उच्चारला.

बँकेतल्या माणसाने एवढंच विचारलं,
तुम्ही स्वतः राहणार ना तिथे?
राहणार, म्हणाले मी. नाहीतर जाते कुठे?
आजवर माझं बिऱ्हाड विंचवाचंच,
अकरा पत्ते, अकरा मालक,
आणि एकाचंही अनामत पूर्ण परत आलं नाही.

देओलिंडाबाईंनी सही केली
आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
चौतीस किल्ल्या. दारं पाच.
बाकीच्या कशाच्या, मलाही ठाऊक नाही, म्हणाल्या,
पण टाकू नकोस.

पहिल्या तारखेला सवयीने चेकबुक काढलं.
तारीख लिहिली, रक्कम लिहिली,
नावाच्या रेघेवर पेन थांबलं.
वर कुणीतरी आंघोळ करत होतं.
भिंतीतून पाणी उतरत होतं, माझ्या पाइपातून,
आणि मी ते
घड्याळ लावून ऐकत होते.
लाज वाटली. तरी ऐकत राहिले.

सातव्या आठवड्यात बॉयलर गेला.
तपासनीस म्हणाला होता, दोन हिवाळे काढेल.
मध्यरात्री, बाहेर बर्फ,
मी तळघरात डबा घेऊन, एकेक किल्ली लावत.
मधल्या मजल्यावरचे थिबो सपाता फरफटवत खाली आले,
विजेरी माझ्या हातात दिली,
डब्यात न बघता बोटं घातली,
आणि कुलूप उघडलं.
एकोणीस वर्षं राहतोय, म्हणाले. हा झडप आधी बंद कर.

नव्या बॉयलरचे आठ हजार चारशे.
एकशे चाळीसच्या दराने बरोबर पाच वर्षं.
इदालिनाने भागाकार मोठ्याने केला नाही.
फक्त म्हणाली, थिबो आठशे देतात.
बाजारात बाराशे आहे. हे दान वहीत बसत नाही.

शाळेत हातचा धरायला शिकवतात.
कुणाचा, ते नाही शिकवत.

मी नोटीस लिहिली. दोनशे वाढ.
खोडलं. शंभर. खोडलं. पन्नास.
दाराखालून सरकवली, चोरासारखी,
माझ्याच घरात.
संध्याकाळी त्यांनी ती चौघडी करून खिशात ठेवली.
देओलिंडा तोंडी सांगायची, म्हणाले.
आणि पन्नास जास्त दिले.

सात बारा. बस माझ्याच दारासमोर.
विचेत चढतो, पट्टा लावत नाही,
माझ्याशेजारी उभा राहतो
आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं सांगतो,
आई म्हणते, आमच्या नळातून रात्रभर टपकतंय.

मागे गाड्या थांबल्यात.
लाल दिवा लुकलुकतोय.
बस, म्हणते मी, आधी बस.
संध्याकाळी येते वर.