आदली रात्र, पालदा

उद्या नऊचा नंबर आहे सांवेर रोडला.
गाडी रोलरवर चढेल, पट्ट्यांनी जखडली जाईल,
आणि ताशी एकशे ऐंशीने धावेल
जागच्या जागी.
बायको म्हणाली, म्हणजे तुझ्या ऑफिससारखंच.
मी हसलो.
मग जरा वेळाने हसलो नाही.

सकाळचाच वेळ मागून घेतलाय. होळी होऊन गेली,
बारानंतर हवा तापते, तापलेल्या हवेत घोडे कमी.
माळव्याची रात्र गार असते म्हणतात,
पण रात्री डायनोवाला शटर ओढतो.

मुस्तकीमच्या शेडमध्ये एकच बल्ब,
आणि तोही बॉनेटला अडकवलेला.
तेल बदललं. गाळणी बदलली.
टायरमध्ये दोन पौंड जास्त.
डिकी रिकामी केली: जॅक, छत्री,
सासऱ्यांची घडीची खुर्ची,
आणि मैथिलीचा एक बूट, जो आम्ही वर्षभर शोधत होतो.

मग प्लग.
तीन ठीक, पोह्यांवरच्या जिरावणाच्या रंगाचे.
चौथा पांढुरका, राखेसारखा.
मुस्तकीमने तो बल्बखाली धरला,
फिरवला, परत फिरवला,
आणि चहा मागवला.
तो चहा मागवतो तेव्हा मला भीती वाटते.

टर्बोच्या तोंडाला नळाचं प्लास्टिकचं टोपण बसवलं,
टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला कॉम्प्रेसर.
पाच. दहा. पंधरा पौंड.
बंद गाडीच्या पोटातून
कुणीतरी दात मिटून श्वास सोडावा
तसा आवाज.
"भिया, हवा निकल री है."
कुठून, ते कळेना.
साबणपाण्याच्या फवाऱ्याची दांडी नेमकी आजच तुटलेली.

मैथिली मागच्या सीटवर झोपायला आली होती, झोपली नव्हती.
खजराण्याच्या देवळाबाहेर दहा रुपयांत घेतलेली
तिची फुग्यांची बाटली
तिने खिडकीतून पुढे केली.
जपून वापरा, म्हणाली. अर्धीच उरलीये.

मुस्तकीम रंगाच्या ब्रशने लावत गेला,
अत्तर लावावं तसा, जोडाजोडाला.
इंटरकूलरचे पाइप: काही नाही.
क्लॅम्प: काही नाही.
मग मॅनिफोल्ड, चौथ्या सिलिंडरपाशी,
आणि तिथे एक फुगा आला.
फुगत गेला, बल्ब त्याच्यात उलटा दिसला,
फुटला, लगेच दुसरा आला.
मैथिलीने टाळ्या वाजवल्या.

ते नट मी आवळले होते.
दिवाळीच्या सुट्टीत, घरी, लोकमान्य नगरात,
मोबाइलवर बघत बघत, टॉर्क रेंच नसताना,
मनगटाच्या अंदाजाने.
आणि मग चार महिने सगळ्यांना सांगत होतो,
मॅनिफोल्ड मीच बसवला.
मुस्तकीमलाही सांगितलं होतं. दोनदा.

तो माझ्याकडे बघेल म्हणून मी कॉम्प्रेसरकडे बघत राहिलो.
त्याने बघितलंच नाही.
फडक्यातून लांब दांडीचा रेंच काढला,
बावीसवर लावला, माझ्या हातात दिला
आणि कपबशा विसळायला गेला.

पहिला नट: अर्धा फेरा, मग क्लिक.
दुसरा: जवळजवळ पूर्ण फेरा.
इतका सैल! दिवाळीपासून इतका सैल,
आणि मी पेट्रोलला नावं ठेवत होतो,
ज्याने मॅप लिहिला त्याला नावं ठेवत होतो,
एकदा तर पठारावरच्या विरळ हवेलाही.
क्लिक.
पुन्हा पंधरा पौंड. पुन्हा ब्रश.
फुगा नाही.
आम्ही तिघेही त्या कोरड्या जागेकडे
बराच वेळ बघत उभे होतो.

दोनशेवर जाईल का, विचारलं.
कागदावर येईल तेवढी येईल, तो म्हणाला,
आणि चौथा प्लग नवा बसवला. त्याचे पैसे लावले.
फुगे शोधण्याचे लावले नाहीत.
ते मैथिलीला देणं आहे, म्हणाला, अर्धी बाटली.

घरी निघालो तेव्हा पावणेबारा.
नवलख्याच्या सिग्नलला दोन पोरं स्कूटरवर,
स्टिकर वाचून हॉर्न मारला, भुवया उडवल्या.
हिरवा झाला.
मी पाय हलकाच ठेवला, जाऊ दिलं त्यांना.
मागे मैथिली खरंच झोपलेली,
आणि तापत्या इंजिनावर उरलेला साबण जळत होता:
इंदूरच्या त्या रिकाम्या रस्त्यावर
आमच्या गाडीला
न्हाणीघराचा वास येत होता.